दावणीला बांधलेली संत्री

माझ्या सगळ्या नोकरीचं सार एका शब्दात सांगायचं तर तो शब्द 'पुरे' असा आहे. कृषी सहाय्यक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खांद्याला पिशवी अडकवून 'हे टाका, ते फवारा' सांगत मोटारसायकलवर फिरणारा माणूस येतो. मीही तसाच फिरलो. आधी परभणी जिल्ह्यात, मग जिल्हा फुटला तेव्हा खुर्ची न हलवता हिंगोली जिल्ह्यात. पण 'टाका' म्हणायला मला कधी घसा फोडावा लागला नाही. शेतकऱ्याचा हात देण्यासाठी कायम पुढेच असतो. माझा घसा बसला तो 'पुरे, आता थांबा' म्हणून म्हणून.

साधं मातीच्या नमुन्याचं घ्या. रानात पाच-सात ठिकाणी खुरप्याने खड्डे घ्यायचे, माती एकत्र कालवायची, तिची ओंजळ-दोन ओंजळ पिशवीत भरून आणायची. बांधाकडची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर मुळीच नको. एवढं सांगूनही हट्टा गावाकडचे एक काका पिठाच्या चाळणीने चाळलेली, काळीशार माती नव्या कापडात बांधून घेऊन आले. तपासणीचा निकाल असा आला की त्या रानाला पुढची कितीतरी वर्षं खताचा कणही लागू नये. मी जाऊन पाहिलं, तर गडी थेट उकिरड्याच्या बुडातली माती घेऊन आला होता.

"काका, असं काहून केलं?" मी विचारलं.

"सायेब, पोरगी दाखवायला काढली तर तिला न्हाऊ-माखू घालून काढतो का न्हाई? मंग रान काय तसंच दाखवायचं?"

मी त्यांना सांगितलं की मी सोयरीक जुळवायला आलेलो नाही, आजार शोधायला आलोय. त्यांना ते पटलं असावं, कारण पुढच्या वेळी त्यांनी रानातला सगळ्यात भिकार कोपरा खणून आणला.

डोंगरकडा गावच्या एका केळीवाल्याची गोष्ट त्याहून पुढची. त्याने हौसेने ठिबक बसवलं. नळीतून थेंब थेंब पाणी बुडाशी पडायचं, हे त्याच्या जिवाला काही पटेना. "लेकराला चमच्यानं पाजल्यावानी झालं हे," म्हणायचा. म्हणून तो संच सकाळी चालू करायचा आणि बांधापर्यंत चिखल झाल्याशिवाय बंद करायचा नाही. केळी पिवळी पडली. पिवळी पडली म्हणून त्याने युरिया टाकला. युरिया पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून गेला. केळी आणखी पिवळी पडली. मी म्हटलं, "बाबा, संच बंद कर." तो म्हणाला, "बंदच ठेवायचा होता तर घेतला कशाला?"

नवख्या वाचकासाठी थोडं सांगतो, कंटाळू नका. मूळ काही खत खात नाही. पाण्यात विरघळलेलं जे असेल तेवढंच ते ओढतं. म्हणजे पाणी हेच पिकाचं ताटही आणि घासही. पण मुळाला श्वासही लागतो. आपल्या काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते, मूळ गुदमरतं, आणि भरल्या ताटावर पीक उपाशी राहतं. माणूस वरून बघतो, त्याला वाटतं तहान लागली, तो आणखी पाणी सोडतो.

त्यात त्या वर्षांमध्ये हवामानाचंही काही खरं राहिलं नव्हतं. आमच्या लहानपणी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर, पाण्याचा थेंब न देता कणसाला यायची. पुढे ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं. पाऊस यायचा तो एकदम यायचा आणि मग महिनाभर तोंड दाखवायचा नाही. थंडी उशिरा येऊन लवकर जायची. विहिरी खोल गेल्या. अशा वेळी माणूस पाणी जपून वापरेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात जो तो घाबरून, आज आहे तर आजच पाजून घ्या, असं करायचा. मी त्यांना दोष देत नाही. उद्याचा भरवसा नसला की हात आवरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो. दोन हजार सालानंतरची, आमच्या हिंगोलीतल्या गोरेगावच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरची.

तांड्यावरच्या फुलसिंग राठोडने सरकारी फळबाग योजनेतून संत्र्याची दीडेकशे झाडं लावली होती. झाडं अशी तरारली की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यावं. गर्द हिरवी, पानं चकचकीत, बुंध्याशी गार सावली. फक्त त्यांना फूल येत नव्हतं. फळायच्या वयात येऊन दोन वर्षं झाली, तरी नाही. गोरेगावच्या बाजारात लोक फुलसिंगला विचारायचे, "काय फुलसिंग, पानं विकायला कधी आनून राहिला?"

लोकांना चेष्टा सुचत होती, पण घरात प्रकरण गंभीर होतं. तांड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. फुलसिंग आणि त्याची बायको कमळा लग्नापासून जात होते. या बागेवरच त्यांनी सगळी आशा ठेवली होती: एकदा फळ लागलं की घरी राहायचं, पोरांची शाळा मोडायची नाही. त्या हिवाळ्यात फुलसिंग मागे राहिला. गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचं काम त्याला मिळालं होतं. कमळा मात्र भावाच्या टोळीबरोबर एकटी निघाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर होतो. गाठोडं बांधता बांधता ती म्हणाली, "सायेब, ह्या साली फूल आनाच. मला न्हाई चढायचं पुन्ना त्या ट्रकात."

फुलसिंगने ती आत गेल्यावर मला बाजूला घेतलं. "हा एक हिवाळा बघतो. न्हाई आलं फूल तर सारी झाडं तोडतो, सोयाबीन पेरतो आन पुढल्या साली आमी दोघं बी टोळीत. लाकूडवाल्याला बोलून ठेवलंय."

उपाय मला माहीत होता. संत्र्याला ताण द्यावा लागतो. पाणी आणि युरियातलं नत्र सतत मिळालं की झाड नुसती पानं काढत बसतं, त्याला दुसरं काही करायची गरजच वाटत नाही. पावसाळा संपल्यावर पाणी तोडलं की पालवी थांबते, झाड अन्न काडीत साठवतं. मग ऐन थंडी सरताना खत घालून पाणी सोडलं की त्या साठवणीतून फूल बाहेर पडतं. याला आंबे बहार म्हणतात. हे मी फुलसिंगला आदल्या वर्षीही सांगितलं होतं, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे पाणी तोडलंही होतं. तरी फूल आलं नव्हतं, म्हणून माझ्या शब्दाची किंमत तांड्यावर जरा उतरलीच होती.

या वेळी मी वरचेवर जायचं ठरवलं. पाणी तोडून बरेच दिवस झाले तरी झाडं होती तशीच, तुकतुकीत. बुंध्याभोवती सोयाबीनचं भुसकट छान जाड पसरलेलं. ते फुलसिंगच्या आईने पसरलं होतं. तिला सारा तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी कौतुकाने म्हणालो, "याडी, भुसकट मस्त पसरलं बरं का."

"तूच सांगितलं व्हतं ना उनाळ्यात," ती म्हणाली आणि गव्हाकडे निघून गेली.

ते मी उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून सांगितलं होतं. ताणाच्या दिवसांत ओल टिकवायचीच नसते. हे डोक्यात यायला मला बांधापर्यंत चालत जावं लागलं. मी परत फिरलो, एका झाडाखालचं भुसकट बाजूला केलं आणि खुरप्याने वीतभर खणलं. ओलीचा अंदाज घ्यायची आमची साधी रीत आहे. माती मुठीत दाबायची. फुटली तर कोरडी, लाडू झाला तर ओली. माझ्या हातात असा लाडू वळला की लग्नात वाढावा. दुसऱ्या झाडाखाली लाडू. तिसऱ्या झाडाखाली लाडू.

विहिरीचं पाणी मातीच्या पाटाने बागेच्या कडेने गव्हाला जायचं. फुलसिंग दिवसभर जीपवर, म्हणून गव्हाला पाणी याडी द्यायची. पाटाला मी नीट पाहिलं. गव्हाकडे पाणी वळवायला काठ फोडून केलेली दारं तर होतीच, पण बागेच्या बाजूलाही जागोजागी ओल्या चिखलाने ताजी बुजवलेली दारं होती.

गव्हातून परतलेल्या याडीला मी विचारलं, "झाडांना पाणी देतेस?"

"देते की."

चोरी पकडली गेल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर कुठे नव्हती. हातात फावडं, पायाला चिखल, आणि वर मलाच विचारलं, "तुजं काय म्हननं हाय?"

"मी पाणी बंद करायला सांगितलं होतं ना?"

"तू सांगितलं व्हतं. झाडानं न्हाई सांगितलं."

याडीच्या घरची एक रीत मला ठाऊक होती. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरलेले. ते दिवस जाऊन जमाना झाला, पण बांधलेल्या जनावराला पाणी दाखवल्याशिवाय त्या घरात कोणी घास उचलत नसे. पाहुणा असो, ताप असो, लग्न असो. याडीने फावडं बांधावर टेकवलं आणि मला समजावायला घेतलं, मी जणू आडदांड पोर आहे अशा आवाजात.

"सायेब, मोकळं जनावर तहान लागली तर आपल्या पायानं पान्यावर जाईल. बांधलेलं कुठं जाईल? त्याची तहान बांधनाऱ्याच्या डोक्यावर. आन झाड तर जलमभर बांधलेलं. माज्या पोरानं आनून बांधलं. मी पानी पिऊ आन ते बघत राहील व्हय? म्या भाकर कशी खाऊ?"

मी तिला काडीतली साठवण सांगितली, पालवी सांगितली, नत्र सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वाकून आणखी एक दार उघडलं. मला राग आला. मी बोलून गेलो, "याडी, दोन वर्षं तू हेच पाजत आलीस म्हणून फूल नाही. आणि फूल नाही म्हणून तुझी सून ट्रकात गेली."

पाटातलं पाणी वाहत होतं, तिने ते अडवलंही नाही. फावडं तिथेच टाकून ती घराकडे चालू लागली. मला फार वाईट वाटलं. तिला दुखवायला मी आलो नव्हतो. मी ते दार चिखलाने बुजवलं आणि तिच्या मागे गेलो.

ती गोठ्यात बसली होती. गोठ्यात एक म्हैस होती, पोट मोठं, कास आटलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही दूध देत नाही?"

"गाभन हाय. आटवली तिला."

"कशी आटवली?"

तिने माझ्याकडे बघितलं. कृषी खात्यात असली माणसं कशी घेतात, असं ते बघणं होतं. "ढेप-पेंड बंद केली, हिरवं बंद केलं. पानी बी जरा हात राखून. दूध काढायचं सोडलं."

"देणं बंद करताना वाईट नाही वाटलं?"

"वाईट काहून? आटवलं न्हाई तर पुढलं वेत बिघडतं. तिला बी..." आणि याडी थांबली.

नोकरीत एवढं तरी शिकलो होतो की अशा वेळी तोंड उघडायचं नाही. याडीने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. बागेकडे बघितलं. पुन्हा म्हशीकडे बघितलं.

"त्यांला बी आटवायचं हाय व्हय?"

"व्हय, याडी."

"मंग असं सांग ना! दोन साल झाले, ताण ताण करून राहिला. ताण काय अस्तो?"

पाणी बंद झालं. मात्र तिने एक अट घातली. "आटवलेल्या दावनीसमोर मी कुनाला पानी पाजनार न्हाई. झाडं पीत न्हाईत तवर तुला बी ह्या घरात पानी न्हाई."

"बरं. चहा तर देशील?"

"चहात काय पानी नस्तं?"

ज्यांनी तांड्यावरचा पाहुणचार पाहिलाय त्यांनाच या शिक्षेचं मोल कळेल. एरवी तिथे पोचायच्या आत हातात तांब्या यायचा. आता मी मोटारसायकल उभी करायचो, धुळीने घसा कोरडा, आणि याडी समोर बसून ख्यालीखुशाली विचारायची. मी डिकीत पाण्याची बाटली ठेवू लागलो आणि वळणावर बाभळीच्या आड थांबून पिऊ लागलो. तिसऱ्या खेपेला तांड्यातल्या एका म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि जाऊन सांगितलं. पुढच्या वेळी याडी म्हणाली, "झाडाला बाटली न्हाई हां सायेब." त्यानंतर मी गोरेगावातच पोटभर पिऊन निघायचो.

आणि तेवढ्यात गाडी उलटी फिरली. झाडांचा रंग उतरला, पानं मिटल्यासारखी झाली, पिवळी होऊन गळू लागली. मला आनंद झाला, कारण तेच हवं होतं. फुलसिंगचा मात्र धीर सुटला. एका दुपारी जीप अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून तो बागेत आला आणि पाटाचं दार फोडायला लागला. मी पोचलो तेव्हा मायलेक समोरासमोर उभे होते. याडीच्या हातात काठी होती.

"सायेब, झाडं चालली!" फुलसिंग ओरडला. "हिला सांगा, सरक म्हनावं!"

"हात लावून बघ दाराला," याडी म्हणाली. "आटवताना म्हशीला मधीच ढेप घालते का मी? आं? सायेब सांगल तवा सुटल पानी."

कालपर्यंत माझ्या सांगण्यावर पाणी ओतणारी बाई माझ्या बाजूने काठी घेऊन उभी होती. मला हसू आवरेना, आणि मनातून धडकीही भरली होती. कारण ताण हे मोजून द्यायचं काम आहे. कमी पडला तर पुन्हा पानंच येतात, जास्त झाला तर झाड कायमचं बसतं. मी त्या दिवशी प्रत्येक ओळीत खणून माती मुठीत धरली. अजून कुठे कुठे लाडू वळत होता. मी फुलसिंगला म्हटलं, "अजून थोडं थांब." हे म्हणताना माझा आवाज मलाच खात्रीचा वाटला नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ताण देणं वेगळं आणि पाणीच नसणं वेगळं. ज्याच्या विहिरीत पुढे द्यायला पाणी आहे त्यानेच ताण द्यावा. माझ्याच भागातल्या दोन बागा पुढच्या उन्हाळ्यांत विहिरी आटून वाळल्या. तिथे माझं कुठलंच शास्त्र चाललं नाही. टँकरमागे धावणाऱ्या माणसाला मुळांचा श्वास कोण सांगणार? त्या वाळक्या झाडांखालून जाताना मी मोटारसायकल जोरात काढायचो. फुलसिंगची विहीर ओढ्याकाठी होती, हे त्याचं नशीब.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दिवशी सगळ्या ओळींत माती मुठीत फुटली. भुसकट काढून टाकलेलं होतंच. आम्ही बुंध्याभोवतीची माती हलकी उकरली, शेणखत घातलं, थोडं रासायनिक खत घातलं, थोडं म्हणजे थोडंच, कारण फुलसिंगचा हात पोत्याकडे पुन्हा पुन्हा जात होता आणि मी तो ओढत होतो. पाणी सोडायला याडी सकाळपासून तयार होऊन बसली होती. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. तिने प्रत्येक झाडापाशी उभं राहून, बरोबर सांगितलं तेवढंच दिलं. शेवटचं झाड भिजलं तशी ती घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. मी तो एका दमात रिकामा केला. ती म्हणाली, "आनखी?" मी म्हटलं, "पुरे." ती खो खो हसली.

मग वाट पाहणं आलं. पंधरवड्यानंतर काड्यांवर कोंब फुटले. कोवळे, पोपटी. फुलसिंग ते बघून मटकन बसला. "पानंच हायेत, सायेब."

खरं सांगतो, मलाही ओळखता येत नव्हतं. अगदी सुरुवातीला पानाचा कोंब आणि फुलाचा कोंब सारखाच दिसतो. मी भिंगातून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. "फुलाचा असावा," असं म्हणालो. 'असावा' या शब्दावर कोणी कुऱ्हाड आवरत नाही. फुलसिंग म्हणाला, "लाकूडवाला बाजारानंतर येनार हाय. तवर दिसलं तर दिसलं."

लाकूडवाला हमीदभाई म्हणून गोरेगावचा. तो यायच्या दिवशी मी सकाळीच तांड्याकडे निघालो. वाटेवरच्या वळणावर त्याचा टेम्पो माझ्या पुढे गेला, मागे दोन माणसं करवत घेऊन बसलेली. मी बांधाशी पोचलो तर हमीदभाई बागेच्या तोंडाशी नुसता उभा होता. आत जाईना. मग मलाही वास आला.

कोवळ्या पानांच्या बेचक्यात पांढरे मणी लागले होते. खालच्या फांद्यांवर काही उमललेही होते. मधमाश्यांचा गुंगुं आवाज होता. एक झाड नाही, एक ओळ नाही, सगळी बाग. आठ दिवसांपूर्वी जिथे मी भिंग लावून बसलो होतो तिथे आता पाच पावलांवरूनही दिसत होतं. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत लोकांना एवढं सांगितलं, पण आपण सांगितलेलं असं समोर उमललेलं क्वचितच बघायला मिळतं.

हमीदभाई म्हणाला, "क्यों रे फुलसिंग, ये काटने बुलाया मेरे कू?"

फुलसिंग गडबडला. "न्हाई न्हाई भाई. तुमाला तर... त्या लिंबासाठी बोलावलं." त्याने बांधाकडे बोट केलं. तिथे कमरेएवढं कडुलिंबाचं रोप होतं.

हमीदभाईने रोपाकडे बघितलं, स्वतःच्या दोन माणसांकडे बघितलं, त्यांच्या खांद्यावरच्या भल्यामोठ्या करवतीकडे बघितलं. "झूट भी बराबर बोलना नहीं आता तेरे कू," म्हणाला आणि हसायला लागला. सगळेच हसलो. याडीला तो कोण, कशाला आला, हे उशिरा कळलं. तरी तिने सगळ्यांना चहा दिला, आणि निघताना त्याला बजावलं, "फळ खायला ये भाऊ. पर ती करवत घरी ठिवून ये."

पुढे उन्हाळाभर मायलेकांनी बुंध्याभोवती आळी करून, गरजेपुरतं पाणी दिलं. निम्मी फुलं गळली तेव्हा फुलसिंग पुन्हा घाबरला. मी सांगितलं की झाडालाही 'पुरे' म्हणता येतं, आपल्याला झेपेल तेवढंच ते ठेवतं. कमळा टोळीतून परतली तेव्हा फळं गोट्यांएवढी झाली होती. घरात शिरायच्या आधी ती बागेत गेली आणि झाडं चाचपून आली, एवढंच मला फुलसिंगने सांगितलं. याडी तिला काय म्हणाली ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

त्या दिवाळीनंतर मी मुद्दाम तांड्यावर गेलो. टोळी निघायचा दिवस होता. ट्रक रस्त्यावर उभा, त्यात गाठोडी, कोंबड्या, भांडी, पोरं, वर माणसं दाटीवाटीने चढलेली. बायाबापड्या एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. बागेत तोडणी सुरू होती, फुलसिंग झाडावर होता. कमळा संत्र्यांची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याकडे आली.

तिचा भाऊ ट्रकाच्या फळीला धरून उभा होता. ती जवळ आली तसा तो सवयीने वाकला आणि तिला वर ओढून घ्यायला त्याने हात खाली केला.

कमळाने टोपली उतरवली आणि त्या हातात दोन संत्री ठेवली. मग दुसऱ्या हातात दोन. मग वर बसलेल्या एकेकाच्या हातात. टोपली रिकामी झाली तरी ती ट्रकाजवळच उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कोणीतरी वरून विचारलं, "कमळे, येत न्हाईस का ह्या साली?"

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं तोडनी चालू हाय."